पुरात भिजलेला कडबा, सोयाबीनचे भुसकट आणि वाढे : जनावरांना काय द्यावे?

आमचे गाव माढा तालुक्यात सीनेच्या काठी आहे. सप्टेंबर २०२५च्या पुरात गोठा उंचावर असल्याने जनावरे वाचली. परंतु मळ्यातील कडब्याची गंज तीन दिवस पाण्यात राहिली. वरच्या पेंढ्या वाळवून ठेवल्या आहेत. खालच्या मात्र काळ्या पडल्या असून सोडताना त्यांतून पांढरी भुकटी उडते. घासाचे वाफे गाळाखाली गेले आणि वाफसा न आल्यामुळे ज्वारीची पेरणीही लांबली, त्यामुळे मार्चच्या आधी नवा कडबा हाती येणार नाही.

दावणीला दोन संकरित गाई (त्यांपैकी एक सात महिन्यांची गाभण), एक म्हैस, खिलार बैलजोडी आणि चार महिन्यांची कालवड आहे. माळरानावरच्या सोयाबीनचे भुसकट पुरेसे आहे आणि ऊसतोड सुरू झाल्याने वाढेही (उसाचे हिरवे शेंडे) मिळू लागले आहे.

शंभर किलो वाळल्या चाऱ्यास चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा व तो चारा तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावा, ही पद्धत मला ठाऊक आहे. ती भुसकटावर करावी काय, आणि तिने काळा पडलेला कडबा वापरण्याजोगा होईल काय? १९७२च्या दुष्काळात जनावरांनी याहून वाईट खाल्ले, असे वडील म्हणतात. पण तेव्हाचा चारा वाळका होता, बुरसलेला नव्हता, असे मला वाटते. तसेच, नुसत्या वाढ्यावर गाभण गाय ठेवणे कितपत योग्य आहे?

उत्तर :
आपली शंका रास्त आहे. काळ्या पेंढ्यांवर युरिया खर्च करू नये, कारण या प्रक्रियेने चाऱ्याची पचनीयता व प्रथिने वाढतात, पण बुरशीचे विष गेलेच अशी खात्री देता येत नाही. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष दुधातही उतरते आणि बुरसट चाऱ्याने गाभण जनावर गाभडण्याचा धोका असतो. त्या पेंढ्या सरळ उकिरड्यात टाकाव्यात. गोठ्यात अंथरण्यासही वापरू नयेत.

युरियाचा जितका लाभ कडब्याला किंवा गव्हाच्या काडाला होतो, तितका सोयाबीनसारख्या द्विदलाच्या भुसकटाला होत नाही. म्हणून वाळवलेल्या चांगल्या कडब्याची कुट्टी करून तिच्यावर प्रक्रिया करावी. युरिया अंदाजाने नव्हे, वजन करून घ्यावा, त्याचा खडा शिल्लक राहू देऊ नये आणि ते पाणी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. झाकण काढल्यावर उग्र वास जाईपर्यंत चारा पसरून ठेवावा. कालवडीला तो मुळीच देऊ नये. सहा महिन्यांखालील वासरांना युरिया पचत नाही.

वाढ्यातील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे नुसते वाढे न देता ते कुट्टी करून भुसकटात मिसळावे, वरून चुन्याची निवळी शिंपडावी आणि रोज खनिज मिश्रण द्यावे. गाभण गाईला वाढ्याचा वाटा इतरांपेक्षा कमीच ठेवावा. हा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. एकदम केल्यास पोट फुगते. गाळ लागलेला हिरवा चारा धुतल्याशिवाय दावणीत टाकू नये, आणि घटसर्प व फऱ्याची लस राहिली असल्यास ती आधी टोचून घ्यावी.