'स्टेलर फीडबॅक'ला मराठीत काय म्हणावं?

लेखणीवाली: मुलांच्या मासिकासाठी टॅरंटुला तेजोमेघावर लिहितेय. तो मोठ्या मॅजेलानिक मेघात, म्हणजे शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत आहे, आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर. त्यातल्या आर१३६ गुच्छातले महाकाय तारे अतिनील किरणांनी आणि वाऱ्यांनी (म्हणजे ताऱ्यातून वेगानं सुटणाऱ्या वायूनं) भोवतीचा वायू तापवतात, ढकलतात. या 'स्टेलर फीडबॅक'ला मी 'ताऱ्यांचा प्रतिसाद' लिहिलं. संपादक विचारतात, आधी साद कुणी घातली? मग काय लिहू?

वीजतंत्री: प्रत्याभरण. इलेक्ट्रॉनिक्समध्ये आम्ही हाच शब्द वापरायचो. वायूतून तारा जन्मतो आणि त्याच वायूवर उलटतो.

नदीकाठ: सहावीतलं पोर तो शब्द बघून पान उलटेल. 'झळ' लिहा ताई. मोठ्या ताऱ्याची झळ भोवतालच्या वायूला लागते. शब्दही ज्वालेच्याच कुळातला.

वीजतंत्री: झळ उष्णतेची. वाऱ्याचं काय? आर१३६ मधल्या सर्वांत जड ताऱ्याचा वारा सेकंदाला २,००० किमीहून अधिक वेगानं सुटतो. आणि झळेत परतफेड कुठे आहे? वायू उधळला की तिथं नवे तारे घडणं थांबतं. कडेला दाबला गेला तर घडूही शकतात. फीडबॅकचा गाभा तोच. शब्दात 'प्रति' हवाच.

नदीकाठ: झळ फक्त उष्णतेची? महागाईची, दुष्काळाची झळ आपण रोज म्हणतो. बोलीतला शब्द ढिला असतो हे मला मान्य नाही.

मेलबर्नकर: इथून मोठा मॅजेलानिक मेघ नुसत्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून या विषयावर जीव आहे. मला प्रश्न 'बबल'चा पडलाय, म्हणजे या फीडबॅकनं वायूत पडणाऱ्या भोकांचा. वेब दुर्बिणीनं टिपलेल्या एनजीसी ६२८ दीर्घिकेच्या सर्पिल फाट्यांत भोकंच भोकं दिसतात. बुडबुडा क्षणात फुटतो, हे लाखो वर्षं टिकतात. 'पोकळी' म्हणावं.

लेखणीवाली: पोकळी रिकामी असते हो. टॅरंटुलातल्या पोकळ्यांत लाखो अंश तापलेला विरळ वायू आहे, चंद्रा दुर्बिणीला तो क्ष-किरणांत दिसतो.

माजघर: मग बाहेरच्या कडेला 'पापुद्रा' म्हणा. भाकरीत वाफ धरली की वरचा पापुद्रा सुटून फुगतो, तसंच झालं की हे.

वीजतंत्री: 'कवच' रूढ असताना पापुद्रा कशाला?

माजघर: कवच रक्षण करतं. इथं वायू रेटला जाऊन दाटलाय, तो कुणाचं रक्षण करतोय?

मेलबर्नकर: पापुद्रा आवडला. पण फुगवणारा प्रत्येक वेळी स्फोटच असतो असं मुलांना वाटू देऊ नका. जवळच्या दीर्घिकांत बरेचसे ढग पहिला अतिनवतारा (सुपरनोव्हा) फुटण्याआधीच, काही दशलक्ष वर्षांत, प्रकाशानं आणि वाऱ्यानं पांगलेले दिसतात.

लेखणीवाली: हे घेतेच. पण फीडबॅकचं काय ठरलं?

नदीकाठ: झळ.

वीजतंत्री: प्रत्याभरण. आणि 'तेजोमेघ' कशाला? 'अभ्रिका' हा जुना, चांगला शब्द आहे.

माजघर: अभ्रिकेत अभ्र आहे, तेज कुठे आहे?