विषय: (मार्च 2025) बॉबी वॅग्नर आणखी एक वर्ष, मग बाकीच्या जागांचं काय?

प्रेषक: बाळा, साउथ रायडिंग

मंडळी नमस्कार,

पाडव्याच्या जेवणाच्या नोंदणीच्या मेलमध्ये अमेरिकन फुटबॉल घुसवतोय, पण राहवत नाही. आपल्या वॉशिंग्टन कमांडर्सनी लाइनबॅकर (बचावात पुढच्या रांगेच्या मागे उभा राहणारा) बॉबी वॅग्नरला पुन्हा एका वर्षासाठी ठेवून घेतलं. करार 95 लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. येत्या 27 जूनला त्याला 35 वर्षं पूर्ण होतील.

माणूस मोठा आहे, त्यात वाद नाही. पण जानेवारीत फिलाडेल्फियात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तिथल्या ईगल्स संघाच्या पहिल्याच चालीत त्यांचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) सेक्वॉन बार्कली 60 यार्ड पळून गेला. त्या सामन्यात त्यांनी धावत सात टचडाउन केले आणि शेवट 55-23 असा झाला. अख्ख्या हंगामात रन डिफेन्समध्ये, म्हणजे पळणाऱ्याला रोखण्यात, आपण 32 संघांत 30 वे होतो. मग मधोमध तोच लाइनबॅकर परत कशाला? तरुण मुलगा घ्यावा, त्याला चुकू द्यावं, शिकू द्यावं. जेडन डॅनियल्ससारखा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) स्वस्त करारावर आहे तोवरची ही वर्षं आहेत. ती वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

अप्पा, तुम्ही रोस्टरचा, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीचा, हिशोब बारकाईने ठेवता. जरा समजावून सांगा.

बाळा

प्रेषक: अप्पा, ॲशबर्न

बाळा,

तुझी तळमळ पोचली. लांब लिहितो, सवडीने वाच.

आधी पैशांचं. 2025 साठी प्रत्येक संघाची सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या पगाराची मर्यादा, 27 कोटी 92 लाख डॉलर आहे. त्यातले 95 लाख, तेही सगळे मिळाले तर, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत. बचावाचा प्रत्येक कॉल (कोणती चाल खेळायची तो हुकूम) ज्याच्या तोंडून जातो त्याच्यासाठी ही रक्कम मला जास्त वाटत नाही. बचावाच्या पुढच्या रांगेवर पैसे घालायला हवेत असं म्हणशील तर ते खरं, आणि ते घातलेही आहेत. जोनाथन ॲलनला सोडलं, जावॉन किनलॉला तीन वर्षांसाठी साडेचार कोटींच्या करारावर आणलं. बार्कलीसारखा माणूस मधून सुटतो तेव्हा बहुतेक वेळा आधी पुढची रांग हललेली असते. मागचा लाइनबॅकर कितीही हुशार असला, तरी समोरच्यांचा दीडशे किलोचा गार्ड थेट त्याच्या अंगावर आला की त्याचं चाल वाचणं तिथेच संपतं.

आता वॅग्नर नेमकं काय करतो ते. बचावातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, मागे हिरवा ठिपका दिसतो. बचावाचा कोऑर्डिनेटर ज्यो व्हिट त्याच्या कानात चाल सांगतो आणि प्ले-क्लॉकवर (चाल सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की आवाज बंद. त्यानंतर समोरचा संघ जागा बदलतो, टाइट एंड इकडून तिकडे जातो, रनिंग बॅक बाजूला सरकतो, आणि अकरा जणांना नवीन काय ते सांगायचं काम या एका माणसाचं.

मागच्या उन्हाळ्यात इथल्या कॅम्पला खुल्या सरावाच्या दिवशी मी कुंपणाला चिकटून उभा होतो. चेंडू खेळात यायच्या आधी वॅग्नर पुढे आला, पुढच्या रांगेतल्या आपल्याच खेळाडूच्या कमरेवर हात ठेवला आणि त्याला अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं. तोंडाने काही नाही. चाल सुरू झाली आणि चेंडू घेतलेला मुलगा बरोबर त्या अर्ध्या पावलाने बंद झालेल्या फटीत येऊन अडकला. कबड्डीत कोपऱ्यावरचा मुरलेला खेळाडू चढाईवाल्याच्या पायाकडे बघून आधीच जागा धरतो, तसं.

हे शिकवून येतं, पण एका हंगामात येत नाही. आपल्याच संघाने 2021 मध्ये ड्राफ्टच्या (संघ पाळीपाळीने कॉलेजमधले नवे खेळाडू निवडतात त्याच्या) पहिल्या फेरीत, 19 व्या क्रमांकावर जॅमिन डेव्हिसला घेतलं होतं. वेग भरपूर, वाचन जमलं नाही. 2024 मध्ये वॅग्नर आणि फ्रँकी लुवू हे लाइनबॅकर आल्यावर त्याला कडेला पास-रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) करून पाहिलं आणि ऑक्टोबरमध्ये सोडून दिलं. पहिल्या फेरीचा खेळाडू, साडेतीन हंगामांत हातात काही उरलं नाही. म्हणून “तरुण घ्या” एवढ्याने माझं समाधान होत नाही.

अप्पा

प्रेषक: ताई, गेदर्सबर्ग

अप्पा, बाळा,

माझा मुलगा शाळेच्या संघात लाइनबॅकर खेळतो, म्हणून मी आता प्रत्येक सामना या एकाच जागेसाठी बघते. एक विचारायचं आहे. मोठा खेळाडू ठेवला की त्या जागेवरचा धाकटा बसून राहतो, एवढाच परिणाम होतो की बाकीच्या यादीवरही होतो? घरी यावरून रोज चर्चा चालते. मुलाचं म्हणणं, मागच्या वर्षी पाचव्या फेरीत घेतलेल्या जॉर्डन मॅगीवर अन्याय झाला.

आणि नोंदणी 24 तारखेपर्यंतच आहे, श्रीखंडाचा अंदाज द्यायचा आहे.

ताई

प्रेषक: अप्पा, ॲशबर्न

ताई, तुम्ही अगदी मुद्द्याचं विचारलंत. खरा परिणाम खालच्या जागांवरच होतो.

कॅम्पला 90 खेळाडू असतात, ऑगस्टच्या अखेरीस 53 उरतात. त्या 53 मध्ये लाइनबॅकर साधारण पाच, फार तर सहा. सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त 48 जण गणवेश घालतात. हल्ली बहुतेक संघ तीन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे) घेऊन खेळतात, त्यामुळे बचावात त्यांना रोखायला पाचवा बॅक आणावा लागतो आणि मैदानावर लाइनबॅकर दोनच राहतात. आपल्याकडे ते दोघे ठरलेले, वॅग्नर आणि लुवू. वॅग्नर मागच्या हंगामात सतराच्या सतरा सामने खेळला, 132 टॅकल केले (चेंडूवाल्याला पाडलं). तो मधली जागा सांभाळतो म्हणून लुवूला पुढे सोडता येतं, आणि लुवूने आठ सॅक काढले (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडलं).

म्हणजे तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या लाइनबॅकरला बचावात फारसं काम नाही. मग ते 48 मध्ये कशाच्या जोरावर बसतात? स्पेशल टीम्सच्या, म्हणजे चेंडू लाथेने मारायच्या चालींच्या. किकऑफ, पंट, पंट-रिटर्न. चौतिशीतल्या वॅग्नरला किकऑफवर पळवणार नाहीत, त्यामुळे त्याच्या वाट्याचं ते काम या तिघांवर येतं. त्यात 2024 पासून किकऑफचा नियम बदलला. आता चेंडू मारणाऱ्या संघाचे दहा जण समोरच्यांच्या 40 यार्ड रेषेवर उभे राहतात आणि रिटर्नर (चेंडू घेऊन परत धावणारा) चेंडू झेलेपर्यंत किंवा चेंडू जमिनीला लागेपर्यंत हलत नाहीत. लांबून धावत येऊन आदळणं संपलं. जवळच्या अंतरात समोरच्याला झटकून टॅकल करणारा अंगापिंडाने भरलेला, चपळ माणूस लागतो, म्हणजे लाइनबॅकरच. मागच्या वर्षी निक बेलोरला आणलं ते मुख्यतः याच कामासाठी.

म्हणून व्यवस्थापक ॲडम पीटर्स वॅग्नरशी करार करतो तेव्हा तो तिसऱ्या जागेवर कोणता माणूस चालेल हेही ठरवून टाकतो. “चांगला लाइनबॅकर आहे पण किकऑफवर नाही” असा खेळाडू या यादीत बसत नाही. ज्या संघात दोन्ही लाइनबॅकर पंचविशीतले असतात तिथे थोडी मोकळीक असते. आपल्याकडे नाही.

मॅगीवर अन्याय झाला असं मला वाटत नाही. प्रीसीझनमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांच्या काळात, त्याचा गुडघा दुखावला, हंगामाचा बराच भाग बाहेर गेला. उरलेल्या दिवसांत वॅग्नरच्या शेजारी बसून तो चालींच्या फिल्म बघत होता असं धरा, आणि समोर शिकवायला केन नॉर्टन ज्युनियर. सिअॅटलमध्ये तरुण वॅग्नरला शिकवणारा कोच तोच. मुलाला हे नक्की सांगा.

श्रीखंड आमच्याकडे चौघांचं.

अप्पा

प्रेषक: भाऊ, फेअरफॅक्स (पूर्वी बेलव्ह्यू)

नमस्कार,

मी आजवर या मेल-यादीवर फक्त वाचत आलो, पण वॅग्नरचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही बरीच वर्षं सिअॅटलकडे काढली. 2012 मध्ये दुसऱ्या फेरीत, 47 व्या क्रमांकावर यूटा स्टेटमधून तो आला तेव्हा तिकडे फार कुणी दखल घेतली नव्हती. दुसऱ्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, डेन्व्हरवर 43-8. त्या वर्षी बचावाचा कोऑर्डिनेटर डॅन क्विन, आज तुमचा हेड कोच. दोघांची भाषा दहा वर्षांपूर्वी जुळलेली आहे. नवीन कोचला पहिल्या वर्षी असा माणूस मिळणं किती मोलाचं आहे ते 4 विजय-13 पराभवांचे 12-5 झाले त्यावरून कळावं. सगळं श्रेय त्याचं नाही, डॅनियल्सचं मोठं आहे, पण ड्रेसिंग रूममध्ये कोचच्या आधी बोलणारा कुणीतरी लागतो.

2019 मध्ये त्याने एजंट न घेता स्वतः बसून सिअॅटलच्या सीहॉक्सशी तीन वर्षांचा 5 कोटी 40 लाखांचा करार केला होता. ज्याला स्वतःची किंमत इतकी नेमकी कळते तो पस्तिशीला एक-एक वर्षाचे करार का करतो, याचा विचार करा. लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी 2022 मध्ये पाच वर्षांचा करार दिला आणि एका हंगामानंतर सोडून दिलं. लांब करार कागदावर सुंदर दिसतो, पण त्यातून पुढच्या वर्षांच्या कॅपवर न खेळणाऱ्या माणसाचा बोजा राहतो. एक वर्षाच्या करारात पुढच्या मार्चला दोघेही मोकळे.

आता बाळाच्या प्रश्नाकडे. “त्याला जाऊ द्या, स्वस्तात भागवा” हे सिअॅटलने करून पाहिलंय. 2023 मध्ये तो परत आला, 70 लाखांपर्यंत जाऊ शकणाऱ्या करारावर, आणि 183 टॅकल करून लीगमध्ये पहिला आला. तरी 2024 ला त्याला परत घेतलं नाही. त्याच्याऐवजी जेरोम बेकर आणि टायरेल डॉडसन, दोघेही एका वर्षासाठी. ऑक्टोबरमध्ये बेकर आणि वर चौथ्या फेरीची निवड टेनेसीला देऊन अर्नेस्ट जोन्स आणावा लागला. नोव्हेंबरमध्ये डॉडसनही बाहेर. अर्ध्या हंगामात मधली जोडी बदलली आणि वर ड्राफ्टची निवड गेली. स्वस्त पर्यायाचा हिशोब करताना ही निवडसुद्धा त्यात धरायला हवी.

पण एक गोष्ट बाळाची बरोबर आहे. पासच्या वेळी मोकळ्या मैदानात वेगवान रनिंग बॅकमागे धावणं आता वॅग्नरला जड जातं. 2023 मध्ये, टॅकल मोजत असताना, आम्हाला ते दिसत होतं. टॅकलचा आकडा त्यात लपतो, कारण झेल झाल्यावर केलेलं टॅकलही टॅकलच असतं. तिसऱ्या डाउनला (चार संधींतल्या तिसऱ्या चालीला, तेव्हा बहुतेकदा पास येतो) त्याला बाहेर काढून तरुण माणूस आणायची तयारी कमांडर्सनी ठेवायला हवी.

भाऊ

प्रेषक: अप्पा, ॲशबर्न

भाऊ, फार चांगलं लिहिलंत. असेच लिहीत चला.

तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर अडचण आहे ती हिरव्या ठिपक्याची. वॅग्नर तिसऱ्या डाउनला बाहेर गेला तर कॉल कुणी घ्यायचा? ठिपक्याचं हेल्मेट मैदानावर एकाच वेळी एकालाच चालतं. दुसरा माणूस तयार असतो, त्याचं हेल्मेटही असतं, पण कॉल देण्याची सवय सरावातच लावावी लागते. लुवूला दिलं तर तो पुढे धावून जाणार कसा? म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं, की या उन्हाळ्याच्या कॅम्पमध्ये दुसऱ्या फळीचा ठिपका मॅगीला द्यावा आणि प्रीसीझनचे सामने पूर्ण त्याच्या हातात सोडावेत. वॅग्नरला त्या तीन सामन्यांत खेळवायची काहीच गरज नाही. एका वर्षाच्या कराराचा खरा उपयोग तोच: ज्येष्ठ माणूस शेजारी उभा असताना धाकट्याला चुकता येतं.

आणि ड्राफ्ट. मार्शॉन लॅटिमोर, डीबो सॅम्युएल, लॅरेमी टनसिल, निवडी देऊन या सगळ्यांना आणायच्या सौद्यांनंतर आपल्याकडे एप्रिलमध्ये पाचच निवडी आहेत. पहिली 29 वी. तिसऱ्या फेरीत काहीच नाही. पाच निवडींत कडेचा पास-रशर हवा, कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्याला रोखणारा) हवा, डॅनियल्सपुढे अजून एक लाइनमन हवा. वॅग्नर नसता तर त्यातली एक वरची निवड मधल्या लाइनबॅकरवर खर्च करणं भाग पडलं असतं. 95 लाखांत आपण ती निवडही वाचवली, हे मी त्या रकमेत धरतो. लाइनबॅकर आता सहाव्या-सातव्या फेरीत घ्यावा, वेग असलेला, किकऑफवर पहिल्या दिवसापासून धावणारा. त्याला वाचन शिकवायला एक वर्ष आहे.

प्रॅक्टिस स्क्वॉडवरही (53 च्या बाहेर, फक्त सरावासाठी ठेवलेल्यांत) एक लाइनबॅकर मी आवर्जून ठेवीन. तिथल्या खेळाडूला हंगामात तीनदा सामन्यासाठी वर आणता येतं. आठवड्यात कुणाचा स्नायू दुखावला तर 53 मधला माणूस न काढता ती जागा भरता येते. ज्या यादीत मुख्य खेळाडू पस्तिशीचा आहे तिथे हे हवंच.

अप्पा

प्रेषक: बाळा, साउथ रायडिंग

अप्पा, भाऊ, ताई, मनापासून आभार. जॅमिन डेव्हिसचं आणि सिअॅटलच्या त्या ऑक्टोबरचं पटलं. करार योग्य आहे, मानतो.

पण सहाव्या फेरीपर्यंत थांबायला माझी तयारी नाही. मॅगीचा एक हंगाम दुखापतीत गेला, त्याच्या एकट्यावर 2026 ची मधली जागा सोडायची? वॅग्नर पुढच्या मार्चला थांबला, आणि मॅगी जमला नाही, तर आपण पुन्हा बाजारात उभे, आणि तेव्हा लुवूच्या तीन वर्षांच्या कराराचं शेवटचं वर्ष असेल. दोन्ही लाइनबॅकर एकाच वेळी शोधायची पाळी येईल. टनसिलच्या सौद्यात ह्यूस्टनकडून चौथ्या फेरीची निवड आली आहे, ती मी याच जागेवर लावीन.

ड्राफ्ट 24 एप्रिलला सुरू होतोय, ग्रीन बेला. पहिली फेरी गुरुवारी रात्री असल्याने सगळ्यांना जमेल असं नाही, पण चौथी ते सातवी फेरी शनिवारी, 26 तारखेला दुपारी आहे. आमच्याकडे या. ताई, मुलाला घेऊन या, त्याचं मत मला ऐकायचं आहे.

बाळा

प्रेषक: ताई, गेदर्सबर्ग

येतो. तो म्हणतो चौथ्या फेरीत लाइनबॅकर, तेव्हा अप्पा, एक मत तुमच्या विरुद्ध आधीच धरा.

बाळा, तुझ्या घरच्यांची नोंदणी अजून आलेली नाही.

ताई