दगडी नांगराचे माप पाण्याखालील छायाचित्रांवरून कसे घ्यावे?

प्रश्न – मालवणी पाणबुड्या
सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ तळावर एक दगडी नांगर (जहाज जागी धरून ठेवणारा दगड) दिसला आहे. तो जागचा न हलवता छायाचित्रांवरूनच त्याची लांबी आणि दोर ओवण्याच्या भोकाचा व्यास काढायचा आहे. कॅमेऱ्याच्या हाऊसिंगला (पाणी आत न येऊ देणाऱ्या पेटीला) सपाट काच आहे. पाण्यात वस्तू मोठी दिसते, म्हणून आलेल्या मापाला १.३३ ने भागले की झाले, असे एका सहकाऱ्यांचे मत आहे. ते योग्य आहे का?

उत्तर – खलाशी
नाही. १.३३ हा पाण्याचा अपवर्तनांक खरा. पण सपाट काचेतून तिरपे येणारे किरण अधिक वळत असल्यामुळे चित्राच्या कडांकडचा भाग मध्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि एकाच आकड्याने भागून ती विकृती जात नाही. चौकटींचा तक्ता पाण्यातच धरून, त्याच हाऊसिंगसह आणि त्याच झूमवर कॅलिब्रेशन करावे, म्हणजे चित्रातली विकृती मोजून तिची दुरुस्ती ठरवावी; घरी टेबलावर केलेले इथे निरुपयोगी ठरते. मापपट्टी नांगराच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीत ठेवावी. कॅमेऱ्यापासून नांगर २ मीटरवर आणि पट्टी १.८ मीटरवर असेल, तर ६० सेंटिमीटरचा दगड जेमतेम ५४ चा भरेल. माझ्या मते बहुतेक चुका काचेपेक्षा इथेच होतात.

उत्तर – शंखशिंपले
दगड ओबडधोबड असेल तर एका चित्रावर विसंबू नये. सभोवार फिरत, लगतच्या चित्रांत निदान ६०-७० टक्के भाग सामाईक राहील अशी छायाचित्रे घेऊन फोटोग्रामेट्रीने (अनेक छायाचित्रांवरून आकार व मापे काढण्याच्या पद्धतीने) त्रिमितीय प्रतिकृती करावी. तीन-चार मापपट्ट्या वेगवेगळ्या दिशांना ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक गणितात न घेता केवळ पडताळणीसाठी राखावी. खडकावर सरगॅसम वाढलेले असेल, तर लाटेबरोबर हलणारे ते शेवाळ सॉफ्टवेअरला फसवते. तेवढा भाग चित्रांतून झाकून टाकावा.

मालवणी पाणबुड्या
आभारी आहे. डोम पोर्ट (सपाटऐवजी घुमटाकार काच) घेतल्यास कॅलिब्रेशन टाळता येईल का?

खलाशी
भिंगाचे प्रवेशद्वारक (समोरून पाहिल्यावर भिंगात दिसणारे प्रकाशाचे छिद्र) डोमच्या केंद्राशी नेमके जुळले तर किरण काचेला लंब येतात आणि विकृती बरीच घटते, पण ते तंतोतंत जुळणे विरळाच, त्यामुळे कॅलिब्रेशन करावेच. भोकाचा व्यास मात्र तिथेच कॅलिपरने मोजावा. हात पोहोचतो तिथे छायाचित्राचा हट्ट कशाला?