धनुष्य घेऊन एल्कमागे जाताना जवळ काय ठेवावं? .४४ की १० एमएम?

बोझमनचा_बाप्या
मंडळी, मोंटानातला धनुष्यबाणाचा एल्क (मोठं हरीण) हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. यंदा गॅलटिनच्या डोंगरात जायचं ठरतंय, सोबत ऑफिसातले दोन तिथलेच मित्र. भाग ग्रिझलीचा, म्हणजे तिथल्या तपकिरी अस्वलाचा. रायफल नसणार, आणि बाणाने ग्रिझली जागच्या जागी थांबत नाही. शिवाय एल्कच्या मागावर आपण करतो ते सगळं नेमकं अस्वलाच्या रानात करू नये असंच. वाऱ्याच्या उलट चालायचं, पाय वाजू द्यायचा नाही, आणि वर मादी एल्कचा आवाज काढून 'इथे जेवण आहे' अशी दवंडी पिटायची. म्हणून जोडीला हँडगन हवी. दोन डोक्यात आहेत : स्मिथ अँड वेसन ६२९, जाड आणि जोरकस .४४ मॅग्नम गोळीचं रिव्हॉल्वर, चार इंची नळी. नाहीतर ग्लॉक २०, १० एमएम गोळीचं सेमी-ऑटो पिस्तूल. माझा कल .४४ कडे आहे. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी बोला.

अलास्कावासी
ग्लॉक. फार विचार करू नकोस. भरलेलं ग्लॉक २० साधारण रिकाम्या ६२९ एवढंच भरतं, पण ग्लॉकमध्ये पंधरा गोळ्या बसतात, ६२९ मध्ये सहा. पळत येणाऱ्या अस्वलावर पहिला बार नेमका बसेल असं धरून चालू नये. दुसरा लवकर टाकता आला पाहिजे, आणि .४४ च्या धक्क्याने नळी आभाळाकडे गेली की ती खाली येईपर्यंत अस्वल मांडीवर आलेलं असतं. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरने धावते, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. गणित तूच कर. ग्रीनलंडमधली डॅनिश सिरियस गस्त, कुत्र्यांच्या गाड्यांवर महिनोन्‌महिने ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात फिरणारी, तीसुद्धा ग्लॉक २० च बाळगते.
गोळी मात्र हार्ड कास्ट घे. शिशाची, कडक, चपट्या तोंडाची, २०० ते २२० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). घरात चोरासाठी ठेवतात ती हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची, इथे कामाची नाही; ती चरबीत आणि खांद्याच्या स्नायूतच फुलून बसते. आपल्याला हाड फोडून आत जाणारी हवी.

जुनं_खोड
अलास्कावासी, पंधरा गोळ्या असल्या म्हणजे पंधरा झाडायला मिळतात असं कुणी सांगितलं? दोन मिळाल्या तरी नशीब. त्या दोन जड असाव्यात.
आणि एक गोष्ट ग्लॉकवाले कधी बोलत नाहीत. अस्वल अंगावर आलं, तुम्ही खाली, नळी त्याच्या मानेच्या केसांत खुपसलीत. सेमी-ऑटोची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) दाबाने दोन-तीन मिलिमीटर मागे गेली की चाप ओढूनही गोळी सुटत नाही. सुटली तरी पुढची केसांत अडकून जाम होऊ शकते. आडवं पडून, ढिल्या मनगटाने, एका हाताने झाडलं तरी तीच गत. रिव्हॉल्वरला हे काही नाही. चाप ओढा, पुढचं घर समोर येतं. बाप्या, ६२९ घे आणि गप झोप.
(फक्त त्याच कंपनीचं ते स्कँडियम धातूचं हलकं ३२९ घेऊ नकोस. पाऊण किलोच्या आत वजन आणि त्यात पूर्ण ताकदीचं .४४. सहा बार काढलेस की सातवा काढायची इच्छा उरत नाही.)

वैदेही_कॅलगरी
मी वेगळं बोलते, राग मानू नका. आमच्याकडे कॅनडात हँडगन घेऊन शिकारीला जाताच येत नाही, आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून तर त्यांची खरेदी-विक्रीही गोठवलीय. तरी आमचे लोक ग्रिझलीच्या रानात एल्क मारतात आणि घरी येतात. कमरेला अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा स्प्रे असतो.
स्मिथ आणि हेरेरो या अस्वल-अभ्यासकांनी २००८ मध्ये अलास्कातल्या स्प्रे वापरलेल्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा अस्वलाने हेका सोडला. ज्यांच्याकडे स्प्रे होता त्यांच्यातल्या ९८ टक्के लोकांना ओरखडाही नाही. नऊ-दहा मीटरपर्यंत ढग उभा राहतो, अचूक नेमाची गरज नाही. घाबरलेल्या माणसाला याहून सोपं काय असणार?

जुनं_खोड
वैदेहीताई, त्याच मंडळींचा २०१२ चा बंदुकीवरचा अभ्यासही वाचलाय ना? हँडगनने ३७ पैकी ३१ वेळा अस्वल थांबलं, म्हणजे ८४ टक्के. लांब नळीच्या बंदुकांपेक्षाही जास्त! आणि स्प्रेच्या त्या ८३ मध्ये नुसती कुतूहलाने किंवा खाण्याच्या वासाने आलेली अस्वलंही आहेत. पिल्लांवरून पिसाळलेली मादी आणि कचऱ्यात तोंड घालणारं अस्वल एका तागडीत कसं तोलता? शिवाय वारा. डोंगरात संध्याकाळी वारा खाली वाहायला लागला की अर्धा स्प्रे आपल्याच डोळ्यांत.

वैदेही_कॅलगरी
वाचलाय, काका. त्याच २०१२ च्या अभ्यासात हेही आहे की बंदूक चालवली काय आणि नाही चालवली काय, माणसांना इजा होण्यात फारसा फरक पडला नाही. कारण चालवायला वेळच मिळत नाही. ते वाक्य कुणी टाकत नाही. वाऱ्याचंही २००८ मध्ये आहे : सुमारे सात टक्के घटनांत वाऱ्याने अडथळा आणला, तरी स्प्रे अस्वलापर्यंत पोचला होता. स्वतःला झोंबल्याची उदाहरणं आहेत, नाकारत नाही. पण डोळे झोंबणं आणि मांडी फाटणं यांतलं मी पहिलं निवडेन.

अलास्कावासी
स्प्रेला माझा विरोध नाही, माझ्याकडेही असतो. पण २०१८ चं वायोमिंग आठवा. टेटन रानातला एल्क गाईड. गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी बाण मारलेला एल्क दुसऱ्या दिवशी सापडला, दोघं तो कापत होते. ग्रिझली मादी आणि तिचं मोठं पिल्लू आलं. गाईड गेला. त्याचं ग्लॉक सामानापाशी काढून ठेवलेलं होतं. गिऱ्हाइकाने ते गाठलं, पण त्याच्याकडून झाडलं गेलं नाही. गाईडकडे फेकलं, तेही पोचलं नाही. स्प्रे गाईडच्या कमरेला होता आणि तो वापरलाही गेला होता. म्हणजे त्या दिवशी दोन्ही होतं.

बोझमनचा_बाप्या
हे वाचून पोटात गोळा आला. आमचे मित्रही मांस कापताना सगळं काढून झाडाला लटकवतात, कारण वाकलं की पोटात रुततं.

राधिका_एम
वरची सगळी चर्चा गोळीच्या व्यासावर आणि टक्क्यांवर चाललीय, म्हणून लिहिते. नवरा आणि मी दोघंही आयडाहोत धनुष्याने शिकार करतो. बाप्या, बंदूक कुठली ते नंतर बघ, आधी ती ठेवणार कुठे ते सांग. कमरेला लावलीस तर पाठपिशवीचा कमरपट्टा तिच्यावर बसतो. छातीवरचं होल्स्टर म्हणशील, तर छातीवर आधीच दुर्बिणीचा पट्टा आहे. बंदूक त्याच्या खाली सरकवली की मूठ फासळ्यांशी येते, आणि धनुष्य ताणून सोडलं की दोरी त्या मुठीला घासू शकते. माझी घासली आणि बाण एल्कऐवजी झुडपात गेला. मी पट्टे आखडून होल्स्टर डावीकडे तिरकं घेतलं, मग जमलं. लांब नळीचं रिव्हॉल्वर तिथे बसत नाही, ग्लॉक बसतं. माझं मत ग्लॉकला आहे ते एवढ्याचसाठी, ताकदीसाठी नाही. कापताना दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताचे असतात, तरी छातीवरचं छातीवरच राहतं, आणि एकाने सुरी खाली ठेवून नुसतं रान बघत उभं राहायचं. मांस कापायला उशीर होतो. होऊ दे.

वऱ्हाडी_ठेचा
मुळात मारताच कशाला हो भाऊ? आमच्या बुलडाण्याकडे, मेळघाटात बाया मोहफुलं वेचायला पहाटे जातात, तिथंही अस्वल येतं. हातात काठी नाहीतर कुऱ्हाड. कुणी .४४ मागत नाही.

जुनं_खोड
मागत नाही कारण मिळत नाही. मिळालं असतं तर त्या बायांनीच आधी घेतलं असतं. आणि अस्वलाने तोंड फाडलेली माणसं तिकडे कमी आहेत का? शिकार करावी की नाही यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

एच१बी_दादूस
मध्येच विचारतो. व्हिसावर असलेल्याला हे चालतं का?

राधिका_एम
एच-१बी वाल्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असेल तर त्या मनाईतून सूट मिळते. राज्याचे नियम वेगळे. वकिलाला विचारल्याशिवाय दुकानात जाऊ नकोस, इथे व्हिसाचा प्रश्न आहे. आणि विमानाने येणार असाल तर बंदूक कुलूपबंद पेटीत, रिकामी, जाहीर करून चेक-इन करता येते. स्प्रे मात्र कुठल्याच सामानात चालत नाही, तो उतरल्यावरच विकत घ्यायचा.

वैदेही_कॅलगरी
अजून एक. तिथली ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. जिवावर बेतलं म्हणून मारलीत तर कायदा पाठीशी आहे, पण लगेच कळवावं लागतं, चौकशी होते. 'अंगावर येतेय असं वाटलं' एवढ्यावर भागत नाही. स्प्रेने हा प्रश्नच येत नाही.

अलास्कावासी
आमच्याकडे तर स्वसंरक्षणात मारलेल्या अस्वलाचं कातडं आणि कवटी सोलून सरकारजमा करावी लागते. पायांना कंप सुटलेला असताना ते काम करायचं, म्हणजे शिक्षाच.

बोझमनचा_बाप्या
काल रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन झाडली. .४४ पूर्ण ताकदीच्या गोळीने पहिला बार छान, दुसऱ्याला मी आधीच डोळे मिटत होतो. ग्लॉकची मूठ जाड आहे, पण दोन सेकंदांत चार गोळ्या कागदाच्या ताटलीत बसल्या. स्प्रे घेतोच आहे. वैदेहीताई, तो डाव्या कमरेला की छातीच्या पट्ट्यावर?

जुनं_खोड
कागदाची ताटली धावत येत नाही, बाप्या. .४४ च्या रिव्हॉल्वरमध्ये .४४ स्पेशलही (कमी धक्क्याची गोळी) चालतं. त्यावर महिनाभर हात बसव आणि मग बोल.

वैदेही_कॅलगरी
डाव्या कमरेला, पाठपिशवीच्या पट्ट्याच्या वर. आणि सरावाचा वेगळा डबा मिळतो, मिरची नसलेला. तो आधी अंगणात उडवून बघ, सेफ्टीची क्लिप अंगठ्याने काढायला पहिल्यांदा जमतच नाही.