रविवारची ज्येष्ठांची सहल: म्युझियम बंद, बसचं काय?

मेधा
मंडळी, ज्येष्ठांच्या सहलीची बस ठरली आहे आणि डिपॉझिट परत मिळत नाही. मीटिंगमध्ये ठरलेलं सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन स्ट्रीटवरचं कंटेम्पररी ज्यूइश म्युझियम डिसेंबर २०२४ पासूनच बंद आहे. ड्रायव्हरला पत्ता आज कळवायचा आहे. पटापट सांगा.

प्रकाश
मी तेव्हाच म्हणालो होतो, गोल्डन गेट पार्कला न्या. माझं कोण ऐकतंय! ते होलोकॉस्टचं, ज्यूंच्या हत्याकांडाचं म्युझियम ना? सत्तरीच्या माणसांना रविवारी सकाळी ते कशाला? आणि आपला त्याच्याशी संबंध काय?

मिलिंद
काका, होलोकॉस्टचं नव्हे. आजची ज्यू कला आणि संस्कृती असा त्यांचा विषय. कायमचा संग्रहच नाही, त्यामुळे दर वेळी नवं प्रदर्शन. २०१६ मध्ये रॉक कॉन्सर्ट भरवणाऱ्या बिल ग्रॅहमवर होतं, २०२० मध्ये लेव्हाय स्ट्रॉसच्या जीन्सवर. पैशांचं गणित बसेना म्हणून दार लावलं.
पण इमारत बाहेरूनही बघण्यासारखी आहे. मूळचं वीज कंपनीचं सबस्टेशन, १९०६ च्या भूकंपानंतर १९०७ मध्ये विलिस पोल्क या वास्तुविशारदानं पुन्हा उभं केलेलं. लाल विटा, त्यावर मलईच्या रंगाचे टेराकोटाचे देवदूत आणि फुलांच्या माळा. वीजघराला एवढा थाट! २००८ मध्ये डॅनिएल लिबेस्किंडनं, बर्लिनच्या ज्यू म्युझियमच्या वास्तुविशारदानं, त्यातूनच निळ्या पोलादाचा तिरका ठोकळा बाहेर काढला. ऊन फिरेल तसा निळा रंग बदलतो. आत एका दालनाला शंकरपाळ्याच्या आकाराच्या ३६ खिडक्या आहेत, त्या आता बघता येणार नाहीत. १८ हा आकडा ज्यूंमध्ये शुभ, त्याच्या दुप्पट.

शिरीष (सहल समिती)
सहलीचे विषय आधी समितीच्या ईमेलवर पाठवायचे असं ठरलं होतं. असो. मुद्दा एकच: वॉशरूम. म्युझियम बंद म्हणजे तीही बंद. फ्रीमाँटहून तासाभराचा प्रवास करून उतरल्यावर वीस जण देवदूत बघत उभे राहणार आहेत का?

विनया
प्रकाशकाका, संबंध नाही कसा? माझं माहेर अलिबागचं. तिथल्या इस्रायल आळीतले बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू लोक, घरात मराठीच बोलायचे. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. शेजारच्या काकू नवस फेडला की मलिदा करायच्या: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, भोवती फळांच्या फोडी. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना झाली की ताट आमच्याकडे यायचं. मुंबईत जन्मलेली सिओना बेंजामिन याच समाजातली चित्रकार. तिच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात. आपल्याकडचे देव असतात ना, तशा.

सुनंदा
विनया, मलिद्यात साखर गं. आमच्या ठाण्याच्या शेजारीण साखरच घालायच्या.

विनया
सुनंदामावशी, ठाण्यात घालत असतील. अलिबागला गूळच.

अभय
बर्कलीला मॅग्नेस हे ज्यू म्युझियम आहे की! युनिव्हर्सिटीचंच, ऑलस्टन वेवर. केरळच्या, कोचीन ज्यूंच्या वस्तू आहेत त्यांच्याकडे. संबंध हवा असेल तर तिथे न्या. रविवारी उघडं असतं का, कुणीतरी बघा.

शिरीष (सहल समिती)
'कुणीतरी' म्हणजे समितीच. वेबसाइट पाहिली, रविवारी भरवसा नको. वॉशरूमचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मिलिंद
मेट्रिऑन मॉल. चौथ्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, रस्ता ओलांडला की झालं. बस तिथेच थांबवा. आधी तिकडे जा, मग चालत इमारतीपाशी या, मग येर्बा बुएना गार्डन्सच्या हिरवळीवर डबे उघडा. तिथेच मार्टिन ल्यूथर किंगच्या स्मारकाचा धबधबा आहे. ज्यांना चित्रं बघायची असतील त्यांना एसएफमोमा, आधुनिक कलेचं म्युझियम, तिसऱ्या स्ट्रीटवर.

प्रकाश
हिरवळीवर बसायचं होतं तर गोल्डन गेट पार्क काय वाईट होतं?

मेधा
काका, ड्रायव्हरला मेट्रिऑन कळवलं. एसएफमोमाला कोण कोण ते उद्या दुपारपर्यंत मला कळवा, समितीला नको, तिथे मेल हरवतात. व्हीलचेअर किती लागतील तेही लिहा.

शिरीष (सहल समिती)
मेल हरवत नाहीत. व्हीलचेअरची यादी माझ्याकडे आहे.

सुनंदा
माझे दीर कालच पुण्याहून आलेत. एक सीट मिळेल का?