शब्दचर्चा: ‘खडबडीतपणा’ म्हणजे नेमका कोणता आकडा? (सलंगाखालची उसळी; बोलणाऱ्यांची नावं गावांवरून)

साकोली: मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या सलंगाखाली, म्हणजे जादा पाणी जाते त्या सांडव्याखाली, दगड रोवले तं पाणी किती अंतरात शांत होते, हे संगणकावर काढायचं आहे. सॉफ्टवेअरात ‘रफनेस’चा रकाना आहे, अहवालात आपण त्याले ‘खडबडीतपणा’ लिहितो. जुन्या कागदात 0.033 आहे. तोच टाकायचा का जी? आणि ‘हायड्रॉलिक जंप’ले ‘उसळी’ चालते का?

दर्यापूर: ‘उसळी’ बेलाशक लिहा. फक्त पहिल्यांदा येईल तिथं एका ओळीत सांगा: उथळ, वेगाचं पाणी एकदम खोल आणि संथ होतं ती जागा. नाहीतर वाचणाऱ्याला सलंगावरून उडणारं पाणी वाटेल.

0.033 मात्र टाकू नका, भाऊ. तो मॅनिंगच्या प्रवाहसूत्रातला ‘एन’ आहे, सगळ्या नाल्याचा मिळून विरोध. एचईसी-रास या नदीनाल्यांच्या प्रोग्राममध्ये तो बरोबर. ओपनफोम किंवा फ्लुएंट हे पेशी पाडून प्रवाह सोडवणारे प्रोग्राम मागतात ते ‘केएस’, म्हणजे तेवढाच विरोध करणाऱ्या, निकुरादझेनं प्रयोगात चिकटवलेल्या वाळूच्या कणाची उंची, मीटरमध्ये. तिथं 0.033 टाकलं की प्रोग्राम 33 मिलिमीटर समजतो, कुठलीही चूक दाखवत नाही, आणि उत्तर दिसायलाही बरं दिसतं. म्हणूनच ही चूक सापडत नाही.

साकोली: मंग एनवरून केएस काढून घेतो.

दर्यापूर: काढता येतो, पण विश्वास ठेवण्याजोगा नाही. स्ट्रिकलरच्या सूत्रात एन हा दगडाच्या आकाराच्या सहाव्या मुळाप्रमाणे बदलतो. 10 सेंटिमीटरच्या दगडाला एन सुमारे 0.032, दुप्पट, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या दगडाला 0.036. उलटं केलं की एनमधली दहा टक्के चूक उंचीत पाऊणपटीनं जास्त होऊन बसते. त्यापेक्षा पट्टी घेऊन दगड मोजा.

अर्जुनी मोरगाव: मोजलेली उंची हा तिसराच आकडा, ती केएस नव्हे. त्याच उंचीचे दगड दाट लावले की विरळ, यावर केएस बदलतो. मराठीत तिन्हीला खडबडीतपणा म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. मी असं लिहिते: ‘मॅनिंगचा एन’, ‘समतुल्य वाळू-उंची’ आणि ‘दगडाची उंची’.

आता तुमचं उदाहरण धरू. पायथ्याशी वेग 6 मीटर प्रतिसेकंद, खोली 0.25 मीटर. फ्रूड अंक, म्हणजे पाण्याचा वेग भागिले त्या खोलीतल्या लाटेचा वेग, 3.83. गुळगुळीत तळावर बेलांजेच्या सूत्रानं उसळीनंतरची खोली 1.24 मीटर येते. दगड 10 सेंटिमीटरचे असले तर केएस भरून भागत नाही. भिंतीच्या सूत्राला (तळालगतचा वेग अंदाजणारं सूत्र) पहिल्या पेशीचा, म्हणजे संगणकाच्या जाळीतल्या तळालगतच्या घराचा, मध्य केएसच्या वर लागतो, म्हणजे पेशी 20 सेंटिमीटरहून मोठी. पाणीच 25 सेंटिमीटर! त्या खोलीत निदान आठ-दहा पेशी हव्यात. तेव्हा दगड भूमितीतच काढा आणि केएस फक्त त्यांच्या पृष्ठभागाचा, मिलिमीटरभर द्या. दगडही काढले आणि 0.10 केएसही दिला, तर विरोध दोनदा मोजला जातो आणि उसळी खोटीच आखूड येते.

दर्यापूर: ताई, ‘तळ’ हा शब्दही पक्का करायला हवा. दगडांच्या माथ्यापासून मोजलं तर खोली 0.25, बुडापासून 0.35. तोच वेग धरून फ्रूड 3.83 चा 3.24 होतो. एड आणि राजरत्नम यांच्या 2002 च्या नालीदार तळावरच्या प्रयोगात उंचवट्यांचे माथे वरच्या सपाट तळाच्या पातळीत होते, म्हणजे ते प्रवाहात वर येत नव्हते. उसळीची लांबी जवळपास निम्मी झाली, तळावरचं घर्षण सुमारे दसपट. फ्रूड मात्र 4 ते 10. तुमचा अंक जरासा बाहेर पडतो, ती लांबी जशीच्या तशी उचलू नका. दसपट घर्षण ध्यानात असू द्या, नुसते रचलेले दगड पहिल्या पुरात निघतात.

साकोली: उसळी दर वेळी मॉडेलच्या बाहेर वाहून जाते, ते काहून?

अर्जुनी मोरगाव: खालच्या टोकाला पाण्याची पातळी बांधलेली नसेल. मोकळं सोडलं की उसळी निघून जाते, पातळी जास्त दिली की बुडते. सुरुवातीलाच खालचा भाग अंदाजी खोलीपर्यंत भरून घ्या. कूरांट अंक, म्हणजे एका कालपायरीत पाणी किती पेशी ओलांडतं तो, 0.5 च्या आत ठेवा. फ्रूड 2.5 ते 4.5 मधली उसळी डोलती असते, तिच्या लाटा दूरवर जाऊन काठ खातात. टोक जवळ असलं तर त्या आपटून परत येतात, म्हणून ते दूर न्या आणि एका क्षणाचं चित्र न घेता सरासरी घ्या. फेसातल्या हवेच्या आकड्यावर विसंबू नका. बुडबुडे पेशीहून बारीक असतात, व्हीओएफ पद्धतीत (पेशीचा किती भाग पाणी, एवढंच धरणारी) ते सुटतात.

साकोली: मंग तक्त्यात तीन रकाने करतो, आणि वर ‘खोली: दगडाच्या माथ्यापासून’ असं लिहितो.

दर्यापूर: एककही लिहा. एनपुढे प्रथेप्रमाणे काही लिहीत नाहीत (खरं एकक सेकंद भागिले मीटरचं घनमूळ), बाकी दोन्हीपुढे मीटर.