मदत हवी आहे: दोन अभिक्रियांच्या मटेरियल बॅलन्समध्ये (आत-बाहेरच्या पदार्थांच्या हिशोबात) कार्बन वाढतो आहे

नांदेडचा_विद्यार्थी: रिअ‍ॅक्टरमध्ये शुद्ध इथेनॉल जाते. एका अभिक्रियेत त्याचे इथिलीन आणि पाणी होते, तर दुसरीत इथेनॉलच्या दोन मोलपासून डायइथिल ईथर आणि पाणी. आत १०० मोल घेतले. बाहेर इथिलीन ५०, ईथर २५, इथेनॉल २५. कार्बन मात्र आत २०० आणि बाहेर २५० भरतो. तीन वेळा मांडून झाले. उद्या सकाळी ट्यूटोरियल दाखवायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

वाळूजकर: हे आकडे मोल आहेत की टक्के? आणि दोन्ही अभिक्रियांत तयार होणारे पाणी तुमच्या यादीत का नाही?

मळीवाला_लातूर: गंधकाम्ल वापरत असाल, तर १४० अंश सेल्सिअसच्या आसपास ईथर आणि १७० च्या आसपास इथिलीन अधिक मिळते. आधी तापमान तपासा.

वाळूजकर: साहेब, हिशोब कागदावरचा आहे, भट्टी पेटलेली नाही.

नांदेडचा_विद्यार्थी: टक्के आहेत. खाली बारीक अक्षरांत ‘ड्राय बेसिस’ असे छापले आहे, म्हणून पाणी सोडले.

वाळूजकर: हेच आधी सांगायचे होते. बाहेरचे १०० म्हणजे आतले १०० नव्हेत. पाणी वगळून बाहेर पडणाऱ्या मिश्रणाच्या दर मोलमागे कार्बन २.५ आहे, म्हणून २०० कार्बनसाठी ते मिश्रण ८० मोल: इथिलीन ४०, ईथर २०, इथेनॉल २०. ऑक्सिजनच्या बॅलन्सवरून पाणी ६०.

परभणीच्या_बाई: उत्तर बरोबर, पण एक्स्टेंटने (प्रत्येक अभिक्रिया किती मोल घडली, त्या आकड्याने) मांडलेले अधिक स्वच्छ दिसते. पहिल्या अभिक्रियेचा ४०, दुसरीचा २०. उरलेले इथेनॉल १०० वजा ४० वजा २० ची दुप्पट. ही दुप्पट वर्गातली निम्मी मुले विसरतात.

वाळूजकर: बाई, अभिक्रिया ठाऊक असतील तरच एक्स्टेंट चालतो. प्लँटवर साइड रिअ‍ॅक्शन (मुख्य अभिक्रियेसोबत होणारी दुसरी अभिक्रिया) कोणती झाली, हेच पुष्कळदा कळत नाही.

परभणीच्या_बाई: मान्य. मग हायड्रोजन हे तिसरे समीकरण समजू नका. या चारही संयुगांत हायड्रोजनचे अणू कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या बेरजेच्या दुप्पट असतात, त्यामुळे त्या समीकरणातून नवे काहीच हाती लागत नाही.

हिंगोलीकर: ईथर तुटून दोन इथिलीन आणि पाणी, ही तिसरी अभिक्रिया का धरली नाही?

परभणीच्या_बाई: पहिलीच्या दुपटीतून दुसरी वजा करून पाहा, तीच येते. स्वतंत्र अभिक्रिया दोनच.

नांदेडचा_विद्यार्थी: हायड्रोजन दोन्हीकडे ६०० आला. सर्वांचे आभार. पुढच्या उपप्रश्नात उरलेले इथेनॉल रिसायकल करायचे आहे. तो इथेच विचारू की नवा धागा काढू?

वाळूजकर: इथेच विचारा, पण बारीक अक्षरांसकट संपूर्ण प्रश्न टाका.